गृहपाठातलं वादळ आणि शेळगावचा मांडव

"मॅडम, टेम्पररी स्ट्रक्चर म्हंजी मांडव का?"

फोनवर शेळगावचे लोंढे तात्या होते. सकाळची बॅच नुकतीच सुटली होती आणि मी फळा पुसत होते. तात्यांची मुलगी प्रज्ञा माझ्या वर्गात येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं लग्न होतं, घरासमोरच, मोठा मांडव घालून.

"मांडवही त्यात येतो," मी म्हणाले. "पत्र्याची शेड, फ्लेक्स, तंबू, तात्पुरतं उभं केलेलं सगळंच. का हो?"

"आन् लायेबल टू कोलॅप्स?"

"कोसळण्याची शक्यता."

तात्यांनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, पण त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "उतरवा रं पाईप! मॅडम बी म्हणत्यात, कोसळणार."

मी तसं काहीच म्हटलं नव्हतं. विचारलेल्या शब्दाचा अर्थ सांगितला होता, जन्मभर सांगत आले तसा. "तात्या, थांबा," मी ओरडले. "तुम्ही हे वाचताय कुठून?"

"मोबाईलवर आलंय की. हवामान खात्याचं हाय. शेळगावचं नाव घालून दिलंय, उद्याची तारीख हाय. दोन-तीन ग्रुपवर आलं, बावड्याच्या पाव्हण्यांना बी आलं."

मी त्यांना ते मला पाठवायला सांगितलं. उघडून पाहिलं. ऑरेंज अलर्ट. शेळगाव व परिसरात सिव्हिअर स्क्वॉल इमिनंट. त्यापुढे एक अर्धविराम आणि मग मांडवाचं वाक्य. तो अर्धविराम माझा होता. मूळ लिहिणारीने तिथे स्वल्पविराम दिला होता, तो मी आदल्या दिवशी दुरुस्त केला होता. 'मे फॉल' खोडून 'लायेबल टू कोलॅप्स' केलं होतं, तेही मीच.

आता हा काय प्रकार होता ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी बारामतीत ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आता जळोचीत घराच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांची एक बॅच घेते. नोकरीच्या मुलाखतींना जाणारी मुलंमुली असतात, ठिबकचं दुकान चालवणारा महेश आहे, एक-दोन बँकेतली मंडळी आहेत. यांना शाळेतलं इंग्रजी येतं. त्यांना त्याच्या वरचं हवं असतं. सुरुवातीला मी इंग्रजी वर्तमानपत्रांतले अग्रलेख द्यायचे. सगळे अगदी आदराने पेंगायचे. मग एकदा अवकाळीच्या दिवसांत मी हवामानाचं बुलेटिन वाचायला घेतलं आणि वर्ग खडबडून जागा झाला. ज्याचा कांदा उघड्यावर पडलेला आहे, त्याला 'हेलस्टॉर्म' म्हणजे गारपीट हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

तेव्हापासून आमचं पाठ्यपुस्तक म्हणजे धोक्याच्या हवामानाचे अंदाज. इमिनंट म्हणजे अगदी येऊन ठेपलेलं. इनंडेट म्हणजे पाण्याखाली बुडवणं. स्क्वॉल म्हणजे अचानक उठून काही मिनिटं तसाच जोरात राहणारा वारा. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हातपाय हलवा. आयसोलेटेड म्हणजे जिल्ह्यात एखाद-दुसऱ्या ठिकाणी, स्कॅटर्ड म्हणजे काही ठिकाणी, फेअर्ली वाइडस्प्रेड म्हणजे बऱ्याच ठिकाणी. मला एका शब्दाला एक अर्थ असला की बरं वाटतं. या भाषेत तो असतो, असा माझा तोवर समज होता.

आमच्या वर्गाची आणखी एक रीत आहे. मोठ्या माणसांना चुकायची फार लाज वाटते. म्हणून मी गृहपाठ तपासते, नाव काढून टाकते आणि स्वच्छ करून वर्गाच्या ग्रुपवर टाकते. कोणाचं आहे ते फक्त मला आणि लिहिणाऱ्याला माहीत. बाकीच्यांनी वाचायचं, शब्द उचलायचे. त्या आठवड्याचा गृहपाठ असा होता: ज्या दिवसाची तुम्हाला खरोखर काळजी आहे, त्या दिवसाचं आपल्या गावाचं बुलेटिन लिहा. अगदी खऱ्यासारखं, वर रंग, खाली सूचना.

प्रज्ञाचं सगळ्यात चांगलं झालं होतं. ती कृषी पदवीधर आहे, आणि शेतकऱ्यांना हवामानाचे सल्ले पाठवणाऱ्या एका कंपनीत तिची मुलाखत ठरली होती. तिने खूप मन लावून लिहिलं होतं. मी "एक्सलंट" असा शेरा दिला, नाव काढलं आणि ग्रुपवर टाकलं. तारीख कुठली आहे इकडे माझं लक्षच नव्हतं. माझं लक्ष स्वल्पविरामाकडे होतं.

मी महेशला फोन लावला, कारण ग्रुपवरचं काहीही सगळीकडे पाठवायची खोड त्यालाच आहे.

"मॅडम, मी दुकानाच्या ग्रुपवर टाकलं फक्त. वर लिवलं बी होतं की, बघा आमच्या क्लासचं इंग्रजी."

"वर म्हणजे त्याच मेसेजमध्ये?"

"न्हाय, आधीच्या मेसेजमधी. मग खाली हे."

लोकांनी खालचं उचललं होतं, वरचं तिथेच राहिलं होतं. महेशच्या दुकानाचं गिऱ्हाईक शेळगावपासून बावड्यापर्यंत पसरलेलं आहे. "गाडी काढ," मी म्हणाले. "आपण शेळगावला चाललोय."

त्याच्या पिकअपमध्ये ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी होती, त्यांच्यासकट आम्ही निघालो. मला भयंकर राग आला होता आणि तो नेमका कुणाचा, हे कळत नव्हतं. निदान पुढचं काम सोपं आहे असं वाटत होतं. जायचं, हा मेसेज खरा नाही म्हणून सांगायचं आणि मांडव परत उभा करायला लावायचा. वाटेत सहज म्हणून खात्याचा खरा अंदाज उघडून पाहिला. तिथे लिहिलं होतं की उद्या दुपारनंतर आणि संध्याकाळी जिल्ह्यात आयसोलेटेड ठिकाणी विजांसह वादळी पाऊस आणि सोसाट्याचा वारा, लाइकली. यलो अलर्ट.

म्हणजे मेसेज खोटा होता, पण वादळ खोटं आहे असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

माझा एक जुना विद्यार्थी हवामानाच्याच कामात आहे. त्याला फोन केला.

"शेळगावचं सांग," मी म्हणाले.

"मॅडम, शेळगावचं नाही सांगता येत. जिल्ह्याचं सांगता येतं."

"मग जिल्ह्यात कुठे होणार?"

"ते उद्या, दोनेक तास आधी. नाउकास्ट बघा."

नाउकास्ट म्हणजे पुढच्या दोन-तीन तासांपुरता अंदाज. लग्नाला त्याचा काय उपयोग? दोन तास आधी मांडव उतरवायला घेतला तर नवरा-नवरी उभी राहायच्या वेळेला पाईप खाली येतील. मी त्याला हेच विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच शिकवलंत, लाइकली म्हणजे सर्टन नव्हे." मी फोन ठेवला. आपण शिकवलेलं आपल्यालाच ऐकावं लागलं की फार चीड येते.

शेळगावात पोचलो तर अंगणात अर्धा मांडव उभा आणि अर्धा आडवा होता. मांडववाला शिडीवर बसून पुढच्या हुकमाची वाट बघत होता. तात्या खाली कंबरेवर हात ठेवून उभे. तात्या इंदापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगणारे. निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज अजून माइकचाच आहे. "जयभीम मॅडम, या," ते म्हणाले. त्यांच्या शेजारी प्रज्ञाचे होणारे सासरे बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. मेसेज वाचून ते बावड्याहून तसेच उठून आले होते. कमी बोलणारा, समोरच्याला बोलू देणारा माणूस. मला अशा माणसांची जास्त भीती वाटते.

मी बोलायच्या आत प्रज्ञा दारातून आली आणि कोपरानेच खुणावून मला आत घेऊन गेली. तिच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी होती.

"मॅडम, माझं नाव सांगू नका."

"अगं, सांगितल्याशिवाय मिटणार कसं?"

"आबांनी लग्नानंतर नोकरीला हो म्हटलंय, पण त्यांच्या घरात सगळ्यांना ते पटलेलं नाही. पुढच्याच आठवड्यात इंटरव्ह्यू आहे. हे मी लिहिलंय असं कळलं तर म्हणतील, पोरीच्या मनात लग्नच नाही. नाहीतर म्हणतील, इंग्रजीपायी घोळ झाला, ते आधी बंद करा."

"लग्नाचाच दिवस कशाला घेतलास?"

"तुम्हीच म्हणालात ना, ज्या दिवसाची काळजी आहे तो घ्या. मला आत्ता दुसऱ्या कुठल्या दिवसाची काळजी असणार?"

मी तिला नाव सांगणार नाही असा शब्द दिला आणि बाहेर आले. तात्यांनी मला खुर्ची दिली. आजूबाजूला भावकीतली माणसं जमली.

"यवढंच सांगा मॅडम," तात्या म्हणाले. "उद्या वादळ येणार का न्हाय येणार?"

"तात्या, तो मेसेज हवामान खात्याचा नाही. तो माझ्या वर्गातला सराव आहे."

"म्हंजी वादळ न्हाय!" तात्यांनी वर बघून हाक दिली, "चढवा रं पाईप!"

"मी असं म्हटलं नाही. खात्याचा खरा अंदाज वेगळा आहे. उद्या दुपारनंतर जिल्ह्यात एखाद-दुसऱ्या ठिकाणी वादळी पाऊस होण्याची शक्यता आहे."

पाईप हवेतच थांबला.

"एखाद-दुसऱ्या ठिकाणी म्हंजी शेळगाव का?"

"ते सांगता येत नाही."

"मग शेळगाव सोडून का?"

"तेही सांगता येत नाही."

"मग आमी करायचं काय?"

"यलो म्हणजे लक्ष ठेवायचं."

"कशावर? मांडवावर?"

"आभाळावर."

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मॅडम, मी इतकी वर्षं माइकवर बसलो. पुणे गाडी फलाटावर यायची शक्यता हाय, असं एकदा तरी म्हटलंय का मी? अमुक गाडी जिल्ह्यात एखाद-दुसऱ्या स्टँडवर लागंल, असं म्हटलं असतं तर लोकांनी केबिन फोडली असती."

सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, पण मी पुरती गोंधळले होते. मेसेज खोटा आहे म्हटलं की लोकांना आभाळ मोकळं दिसायला लागत होतं. पाऊस येऊ शकतो म्हटलं की तोच खोटा मेसेज खरा ठरत होता. मधली जागा दाखवणारा शब्द माझ्याकडे इंग्रजीत होता, मराठीतही होता, पण अंगणात तो कुणालाच नको होता. शिडीवरून मांडववाला म्हणाला, "तात्या, वर का खाली, एकदा काय ते ठरवा. हात भरून आलं."

तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले आबा बोलले.

"सराव कुणाचा?"

"वर्गात आम्ही नावं सांगत नाही," मी म्हणाले. "तशी रीतच आहे."

"गाव शेळगाव. तारीख लग्नाची. आन् मांडव कोसळणार म्हणून लिवलंय." आबांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मॅडम, तुमी मोठ्या हायसा, पन ह्यो सराव दिसत न्हाय. ह्ये लग्न होऊ न्हाय असं वाटणारं कुणीतरी माणूस हाय. त्याचं नाव कळल्याबिगर आमी उद्या वऱ्हाड आणत न्हाय."

महेश माझ्या मागे सरकला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी खाली. शब्द तर दिलेला होता. तो पाळला तर लग्न मोडत होतं आणि मोडला तरी मोडण्याचीच भीती होती. इतकी वर्षं शिकवलं, पण असा पेच माझ्यासमोर कधी आला नव्हता.

"मी लिवलंय."

प्रज्ञा दारात उभी होती, मेंदीचे हात पुढे धरून. "आबा, मॅडमनी काळजी वाटती त्या दिवसाचं लिवा म्हणून सांगितलं. माझ्या मनात आठ दिवस एकच होतं. वारं सुटलं आन् मांडवाचा पाईप कुणाच्या डोक्यात पडला तर? म्हणून ते लिवलं. कुणाला पाठवलं न्हाय."

"तू?" तात्यांच्या तोंडून एवढंच आलं. माइकचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

आबा तिच्याकडे वळले. "पोरी, खरं सांग. तुला लग्न करायचं न्हाय का?"

"आबा," प्रज्ञा म्हणाली, "लग्न मोडायचं असतं तर मराठीत लिवलं असतं."

कुणीतरी खुसकन हसलं. मग आणखी कुणी. आबांच्या मिशा हलल्या, पण ते हसले की नाही हे मी खात्रीने सांगू शकत नाही. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, तो मेसेज पुन्हा उघडला आणि हात लांब करून वाचल्यासारखं केलं.

"ह्ये सगळं तुझं हाय? हितपासून हितपर्यंत?"

"अर्धविराम मॅडमचा."

"आन् आमचं सगळं गाव खात्याचं समजून बसलंय," आबा म्हणाले. कौतुक होतं की तक्रार, तेही मला कळलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, त्या खऱ्या अंदाजात येळ काय दिलीय?"

"दुपारनंतर आणि संध्याकाळी."

"सकाळचं कायच न्हाय?"

"नाही."

"मग लग्न सकाळी लावू. आपल्यात काय मुहूर्त हाय व्हय? पंचशील घ्यायला आभाळ मोकळं आन् माणसं जागी असली म्हंजी झालं."

हे इतकं सरळ होतं की सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटे तात्या तेवढे हलले नाहीत. त्यांनी घरातून पत्रिका मागवली आणि तिच्यावर बोट ठेवलं. "हितं साडेचार छापलंय. आबा, माझी गाडी लेट सुटली असंल. कवा कवा तर लई लेट सुटली. पन येळेआधी एक गाडी मी सोडली न्हाय. येळ बघून माणूस घरातून निघतो. तो यायच्या आत गाडी सोडणं म्हंजी त्याला फसवणं."

तात्यांचे डोळे भरून आले होते. मला आधी वाटलं, हे काय भलतंच. मग कळलं की मुलीच्या लग्नातही या माणसाला आपली वेळ मोडवत नाहीये. माझ्या स्वल्पविरामाच्या खोडीपेक्षा ते काही कमी नव्हतं.

"तात्या," प्रज्ञा म्हणाली, "येळेआधी सुटू द्या. पन साडेचारला येणाऱ्याला घ्यायला तुमी स्टँडवर थांबा."

तात्यांनी पत्रिका घडी करून खिशात घातली. "चढवा रं पाईप," ते म्हणाले. "सकाळच्या पाळीचं लग्न हाय. दुपारचं जेवण झालं की उतरवायचा." मांडववाल्याने काहीतरी पुटपुटत पाईप वर घेतला.

नवा मेसेज प्रज्ञाने सांगितला आणि महेशने लिहिला, कारण तिचे हात अजून ओलेच होते. या वेळी मराठीत, खाली तिच्या आणि तात्यांच्या नावासकट: लग्न सकाळी साडेदहाला आहे, आधीचा मेसेज हा क्लासमधला सराव होता. सगळ्या ग्रुपवर तो गेला. आणि निम्म्या लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांचं म्हणणं, पहिला मेसेज खोटा निघाला तर हा कशावरून खरा? शिवाय हा साधा मराठीत होता. पहिला कसा भारदस्त होता.

लग्न साडेदहालाच लागलं. पांढऱ्या साडीतली प्रज्ञा, पांढऱ्या सदऱ्यातला शांत नवरदेव, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या. ज्योत जराही हलत नव्हती. आभाळ इतकं निळं होतं की मला लाज वाटायला लागली. भर उन्हात जेवणं झाली. तिसऱ्या प्रहरी मांडव उतरला, आणि साडेचारला पत्रिकेवर विश्वास ठेवणारी माणसं नटूनथटून यायला लागली. मोकळ्या अंगणात, नुसत्या खड्ड्यांच्या रांगांमध्ये तात्या माइक घेऊन उभे होते. "साडेचारचं लग्न सकाळी सुटलेलं हाय," ते सांगत होते. "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर हाय. जेवण तयार हाय, कुणीबी तसं जायचं न्हाय." लोक हसत होते. तात्या मात्र गंभीर होते आणि येणाऱ्या प्रत्येकाचे हात हातात घेत होते.

पाचच्या सुमाराला पूर्वेकडे काळं भरून आलं. जोराचा वारा सुटला, पत्रावळ्या उडाल्या, धुळीने डोळे मिटले. मग सगळं जसं आलं तसंच गेलं. पाऊस नाही, काही नाही. शेळगावात वादळ आलं की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही. मांडववाला म्हणतो, उभा असता तरी काही झालं नसतं. तात्या म्हणतात, गेला असता.

पाठवणी झाली. आबांनी मला आणि महेशला आग्रहाने बावड्याला बोलावलं, म्हणून पिकअप वऱ्हाडाच्या मागे घेतली. इंदापूरच्या पुढे रस्ता ओला दिसायला लागला. अजून पुढे गेल्यावर बाभळीच्या फांद्या मोडून पडल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला गारांचा चुरा होता. आबांच्या दारापुढे नवरीच्या स्वागताला एक छोटा मांडव घातलेला होता. तो उतरवावा असं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण मेसेजमध्ये नाव शेळगावचं होतं. खऱ्या अंदाजात कुठल्याच गावाचं नाव नव्हतं, पण नाव असलेलंच लोकांच्या लक्षात राहिलं. बावड्याचा मांडव जमिनीवर सपाट झाला होता, फुलांच्या माळांसकट. घरातली सगळी माणसं वऱ्हाडात असल्याने त्याखाली कुणी नव्हतं.

वऱ्हाडातल्या बायका कुजबुजायला लागल्या. नवरी दारात यायच्या आधी मांडव पडला, याचा लोक काय अर्थ लावतील ते मला माहीत होतं. प्रज्ञालाही माहीत होतं. ती गाडीतून उतरून तशीच उभी राहिली, चेहरा उतरलेला.

आबा पडलेल्या मांडवाभोवती एक फेरी मारून आले. एक पाईप उचलून पाहिला, खाली ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, बावड्याचं का न्हाय लिवलंस?"

प्रज्ञाला हसू आणि रडू एकदमच आलं. बायकांची कुजबुज थांबली. कुणीतरी कापड बाजूला ओढून दारापर्यंत वाट केली आणि त्या ओल्या कापडावरूनच ती घरात गेली.

पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली. तिथे तिला 'आयसोलेटेड' म्हणजे काय ते शेतकऱ्याला समजेल असं सांगायला लावलं. ती म्हणाली, "ज्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं ते गाव." नोकरी मिळाली. रोज ती बावड्याहून जाऊन-येऊन करते.

मी वर्गाच्या रीतीत बदल केला. आता गृहपाठावर आडवं मोठ्या अक्षरात 'सराव' लिहिलेलं असतं, आणि गावाच्या जागी रेघ. अर्थ सांगण्यापुरतंच आपलं काम, पुढचं लोक बघतील, असं मी पूर्वी मानायचे. आता कुणी फोनवर शब्दाचा अर्थ विचारला तर मी आधी विचारते, मांडव कुठे घातलाय?

परवाच सकाळी आबांचा फोन आला. "मॅडम, प्रज्ञा कामाला गेलीय, म्हणून तुमाला इचारतो. हितं फेअर्ली वाइडस्प्रेड लिवलंय. ते बावडा धरून का बावडा सोडून?"

"आबा," मी म्हणाले, "दारात मांडव असला तर धरून."